तुरेरावांचे नवे तुरे

काका: ...म्हणजे छकुलीचं ते पत्र येऊन आज बरोबर एकवीस दिवस झाले, सिस्टर. आणि मी तिला एका ओळीचंही उत्तर धाडलेलं नाही.

सिस्टर: पत्राचं नंतर, काका. आधी पेटीवरचा तो कपडा काढा. पेशंट कुठंय?

काकू: त्याच पेटीत, दुसरीकडे कुठे जाणार? या घरात पाहुण्याला एक खुर्ची धड नाही, पण नातीच्या या लाडक्या पालीला काचेचा महाल.

काका: उजेड सोसत नाही त्याला. म्हणून कपडा. पापण्या नसतात ना.

सिस्टर: पापण्या नाहीत? तीस वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशनला उभी राहिले, पण बिनपापण्यांचा पेशंट आजच बघतेय. अगं बाई! हा तर हसतोय की!

काकू: सगळ्यांना तसंच वाटतं. तोंडाची ठेवणच तशी आहे. उद्या मरायला टेकला तरी हसतच राहील.

काका: तिथंच तर माझा घात झाला.

सिस्टर: मला एक सांगा, हा मासा म्हणायचा की पाल?

काका: धड मासा नाही, धड पाल नाही. बेडकाच्या लांबच्या नात्यातला आहे. सॅलमँडर. याचे भाऊबंद मोठे झाले की कल्ले टाकतात आणि पाण्याबाहेर येतात. हा येतच नाही. जन्मभर लहानपणाचे कल्ले मिरवत पाण्यात राहतो. ते मानेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन तुरे दिसतायत ना, ते कल्ले. म्हणून छकुलीनं नाव ठेवलं तुरेराव.

काकू: आमच्याकडे असा आणखी एक आहे. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली आणि एकदाही पुस्तकाबाहेर आला नाही. सोमवारपासून तीनदा तुमच्या मजल्यावर गेले हे, सिस्टर. दारापर्यंत. बेल न दाबता परत. शेवटी म्हटलं, तुमचं घोडं जिन्यातच पेंड खाणार, मीच जाते.

काका: त्यांची झोपेची वेळ असेल असं वाटलं.

काकू: सकाळी दहा वाजता?

सिस्टर: बेल दाबली असती तरी चाललं असतं, काका. रिटायर झाल्यापासून माझी बेल फक्त दूधवालाच दाबतो. बरं, हे भिंग कुणाचं?

काका: माझंच. प्रुफं वाचायचं. ते काचेला लावून उजवीकडचा मधला तुरा बघा. पांढरे दोरे दिसतील. अर्ध्या इंचाचे.

सिस्टर: दिसले. एक... दोन... आणि मागच्या पायाशी एक. कधीपासून आहेत?

काका: माझ्या वहीप्रमाणे अकरा दिवस.

सिस्टर: अकरा! आणि तुम्ही—

काका: मी कौतुक करत बसलो.

सिस्टर: म्हणजे?

काका: आता कसं सांगू तुम्हाला! मी वाचलं होतं की या प्राण्याचा पाय तुटला तर पाय उगवतो, शेपटी तुटली तर शेपटी उगवते. तीन पुस्तकांत वाचलं. तिन्हींत तेच. तर ज्या दिवशी तुऱ्यावर पहिला पांढरा दोरा दिसला, त्या दिवशी मला वाटलं, नवा तुरा फुटतोय. मी तारीख घातली, लांबी लिहिली, रोज मोजत राहिलो. दोरा वाढला की मला आनंद. चौथ्या दिवशी हिला हाक मारून दाखवला.

काकू: आणि मीही म्हटलं, 'वा!' मला काय ठाऊक? हे इतकं वाचतात, चूक कशी असेल?

काका: छकुलीला पत्रही लिहायला घेतलं होतं. 'तुरेरावांना नवे तुरे फुटले आहेत.' दीड पान झालं होतं. आणि मग त्यानं खाणं सोडलं. कल्ले पुढे वळवून बसायला लागला. अंग दगडांवर घासायला लागला. तेव्हा मी भिंग घेतलं. नवा तुरा असता तर त्याला रक्ताचा लाल रंग असता, नाही का? हे दोरे पांढरे. एकाच्या टोकाला तर दोन शेपट्या. मग मी दुसऱ्या दिशेनं वाचायला लागलो आणि सापडलं. परजीवी. आत डोकं रुतवून बसतो, बाहेर नुसतं धड लोंबतं.

सिस्टर: आला कुठून तो?

काका: मीच आणला. वाचनालयामागच्या तळ्यातून माळीबुवांनी बाटलीभर बारके मासे दिले. पुस्तकात होतं, जिवंत शिकार मिळाली तर हा प्राणी ताजातवाना राहतो. म्हटलं, छकुली गेल्यापासून बिचारा एकटा आहे, जरा करमणूक होईल. त्या माशांच्या अंगावरून आले.

काकू: हात दाखवून अवलक्षण.

काका: हो. अगदी तसंच.

काकू: अहो, मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं. लगेच मान काय खाली घालायची!

सिस्टर: ती निळी बाटली कसली?

काका: शोभेच्या माशांच्या दुकानातून आणली. तो म्हणाला, दहा थेंब टाका, सगळे किडे मरतील.

सिस्टर: टाकलेत?

काकू: टाकताहेत कसले! परवापासून बाटली हातात घेऊन येरझाऱ्या. बूच उघडायचं, लावायचं. मी म्हटलं, अहो, टाका एकदाचं, तो जीव तिथं तळमळतोय. तर म्हणे, यावर 'माशांसाठी' असं लिहिलंय आणि हा मासा आहे की नाही हे माझं अजून ठरलेलं नाही.

सिस्टर: टाकलं नाहीत ना? नक्की? एक थेंबही नाही?

काका: नाही. मला शंका आली. माझं नेहमीचंच आहे ते, सिस्टर. निर्णय घेता येत नाही.

सिस्टर: काका, जरा माझ्याकडे बघा. काल काकू सांगून गेल्या तेव्हा मी आपल्या समोरच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. भला माणूस. सरळ म्हणाला, मी कुत्र्या-मांजरांचा, हे माझ्या अभ्यासाबाहेरचं. पण कॉलेजात मला शिकवणाऱ्या बाई बेडकांवरच काम करतात, त्यांना विचारू. त्यांनी फोनवर सगळं सांगितलं. कॅलेंडरच्या पाठीवर लिहून आणलंय. आणि पहिलंच वाक्य काय होतं माहितीये? 'माशांचं औषध घातलं असेल तर आता मला काही करता येणार नाही.' याची कातडी टिपकागदासारखी आहे. पाण्यात जे पडेल ते आत. दहा थेंबांत संध्याकाळपर्यंत खेळ आटोपला असता.

काकू: अगं आई गं! आणि मी 'टाका, टाका' म्हणून यांच्या मागे लागले होते.

सिस्टर: शंकेखोर माणसानं जीव वाचवला. लिहून ठेवा वहीत.

काका: ते कसं लिहिणार? आजार आणलाही मीच.

सिस्टर: दोन्ही लिहा. बरं, आता कामाला लागू. पेटीतलं पाणी किती गार आहे?

काका: सकाळी बावीस होतं. सतरा-अठरा हवं.

सिस्टर: बाईंनीही तेच सांगितलंय. गारठ्यात हा शांत राहील आणि तो किडाही मंदावेल. काकू, पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्यात?

काकू: चार. बर्फाचा कप्पा मोकळा करून दिला. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, माझ्यासाठी कधी कुणी कप्पा मोकळा केला नाही.

सिस्टर: ते टब कालच्या शिळ्या पाण्याचे?

काका: हो. दोन्हींत काल सकाळी भरून ठेवलेलं. नळातलं औषध उडून जावं म्हणून. शिवाय ते मारायची पूडही घातली.

सिस्टर: एका टबात नुसतं पाणी, तिथे आपण चिमट्यानं काढायचं. दुसऱ्यात मीठ. लिटरला सपाट दोन चमचे, साधं खडेमीठ, आयोडीनचं नाही. त्यात दहा मिनिटं. अकरावं नको. काकू, घड्याळ तुमच्याकडे.

काकू: माझ्याकडे द्या. यांना दिलंत तर दहाव्या मिनिटाला विचार करत बसतील, की हे दहावं संपलं की सुरू झालं.

सिस्टर: आणि काका, धरायचं तुम्ही.

काका: मी?

सिस्टर: मग कोण? तो तुम्हाला ओळखतो.

काका: नाही हो, सिस्टर. माझे हात... मला नाही जमणार. मी सुई ओवायला गेलो तरी दोरा भलतीकडे. तुम्हीच धरा आणि तुम्हीच काढा. तुमचे हात डोळ्यांच्या ऑपरेशनचे. मी तुम्हाला जिन्यात भाजीची पिशवी धरलेली पाहिलंय, त्यातही एक शिस्त असते.

सिस्टर: हा बघा माझा हात. नीट बघा, भिंगातून बघा हवं तर. थरथरतोय ना? दोन वर्षं झाली. म्हणून मी वेळेआधी रिटायर झाले. दवाखान्यात मी कुणाला सांगितलं नाही, घरचं कारण दिलं. तुमच्यापासून काय लपवायचं? तुम्ही कुणाला सांगायला जाणार नाही, तुम्ही बेलसुद्धा दाबत नाही.

काकू: सिस्टर, मग हे चिमट्याचं काम...

सिस्टर: जमतं. युक्ती आहे. बघा. मनगट टबाच्या काठावर टेकवायचं. करंगळीही टेकवायची. अर्धा थरथराट तिथंच मरतो. मग श्वास आत घ्यायचा, निम्मा सोडायचा आणि थांबायचं. त्या थांबण्यात हात दोन-तीन क्षण अगदी स्थिर असतो. तेवढ्यात काम करायचं. नवीन मुली आल्या की मी हेच शिकवायची, तेव्हा हात चांगला होता. आता स्वतःला शिकवते.

काका: दोन क्षण...

सिस्टर: पुरतात. चला, हात ओले करा. कोरड्या हातानं धरलंत तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघेल, तोच त्याचा कोट आहे. पाण्याबाहेर काढायचं नाही. खालून तळहात द्या, बोटं पुढच्या पायांमागे. दाबू नका. नुसतं घर करा.

काका: तो... तो स्वतःच आला तळहातावर.

काकू: येणारच. रोज तासभर त्याला काहीतरी वाचून दाखवत असता. मला कधी वाचून दाखवलंत?

काका: तू झोपतेस.

काकू: तो काय जागा असतो? त्याला पापण्या नाहीत म्हणून कळत नाही एवढंच!

सिस्टर: हसवू नका, काकू, टब हलतोय. हं. उजवीकडचा मधला तुरा. किड्याला अगदी मुळाशी धरायचं, कातडीच्या लगत. वर धरला तर तुटेल आणि डोकं आत राहील, मग ते पिकेल. आणि ज्या बाजूनं घुसलाय त्याच बाजूनं बाहेर, झटका नाही. बाईंनी सांगितलंय, धडपड करायला लागला तर थांबायचं आणि सरळ त्यांच्याकडे न्यायचा, भूल देऊन काढतील. चार तासांचा रस्ता आहे. तेव्हा काका, त्याला तुमच्या हातात बरं वाटेल असं बघा.

काका: तुरेराव... काही नाही हं. सिस्टर आहेत. फार हुशार आहेत. त्यांनी हजारो डोळ्यांतलं...

सिस्टर: श्वास... आला. एक. ठेवा बशीत. अख्खा आहे?

काका: थांबा, भिंग... हो. डोकं आहे. नांगरासारखं. सिस्टर, काय काढलंत हो! रक्ताचा एक ठिपका नाही.

सिस्टर: पुढचा. श्वास. दोन.

काकू: मी बघू का नको?

सिस्टर: बघा की. डाव्या बाजूला तीन आहेत, जवळजवळ. हे जरा कठीण. काका, बोट थोडं खाली. हं. श्वास. तीन. श्वास. चार. हा हलला.

काका: तुरेराव, तुरेराव. झालं बघा. आता छकुली इथं असती तर काय म्हणाली असती? 'शहाणं माझं ते.'

सिस्टर: पाच. थोडं रक्त आलं. येऊ दे, कल्ला आहे, येणारच. मागच्या पायाचा सहा. शेपटीच्या पात्यावरचा सात. झालं. मनगट सोडते जरा.

काकू: सिस्टर, मी आयुष्यात पुष्कळ कशिदा केला. पण असं काम नाही पाहिलं. थरथरता हात घेऊन, हलत्या जिवाच्या अंगावरून केसाएवढं काढायचं!

सिस्टर: काका धरून होते म्हणून. टेबलावर असे सहायक मिळाले असते तर! चला, मिठाच्या टबात घेऊ.

काका: एक मिनिट. म्हणजे तुम्ही पाहिलंत, तेव्हा झालंच असणार. पण मी एकदा वाचून घेऊ का?

सिस्टर: वाचून?

काका: प्रुफं वाचताना आम्ही शेवटचा हात उलटा फिरवायचो. शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे. सुलटं वाचलं की माणूस अर्थात गुंततो आणि चूक निसटते. याचंही तसंच आहे. तोंडाकडून बघायला लागलं की ते हसू दिसतं, आणि मग बाकी सगळं बरंच वाटतं. मी इतके दिवस तोंडाकडून वाचत होतो. परवा शेपटीकडून वाचलं तेव्हा कळलं.

सिस्टर: घ्या. वाचा. मी धरते.

काका: शेपटीचं पातं, साफ. पाठीची कड, साफ. मागचा डावा पाय, बोटं पाच, साफ. उजवा, तुम्ही काढलेल्याची खूण. पोट. जरा तिरपा करा. बाजू. पुढचा डावा पाय... तो उचलता येईल? हळू. काखेत बघा, सिस्टर.

सिस्टर: कुठे?

काका: घडीच्या आत. कातडीच्याच रंगाचा दिसतोय. टोकाला दोन शेपट्या.

सिस्टर: अरे देवा! त्या शेपट्या नाहीत, काका. बाईंनी बजावून सांगितलं होतं, 'दोन पिशव्या दिसल्या तर ती अंडी, ती मात्र सोडू नका.' ही राहिली असती तर आजची सगळी मेहनत पाण्यात. शब्दशः पाण्यात! पंधरा दिवसांत पुन्हा अंगभर.

काकू: म्हणजे चिकटून बसणाऱ्या सगळ्या बायकाच म्हणायच्या.

सिस्टर: हो, बाई तसंच म्हणाल्या. नर चिकटत नाहीत.

काकू: घ्या! इथंही तेच.

सिस्टर: धरा काका. घट्ट नाही. श्वास... श्वास... आठ. पिशव्यांसकट. काका, मी तीन वेळा बघितलं होतं त्या बाजूला.

काका: तुम्हाला सात दिसले, ते मला दिसले नसते. मला नुसता एक.

सिस्टर: राहू द्या हो! एकदा तरी कौतुक झेलून घ्या, अंगाला लागत नाही ते. काकू, घड्याळ!

काकू: लावलं. आणि आता हे दहा मिनिटं चालणार आहे तोवर पत्राचं सांगून टाका सिस्टरना. मनात ठेवून कुढत बसू नका.

सिस्टर: हां, ते पत्र. नात फोन नाही करत?

काकू: करते की. दर रविवारी. पण फोनवर हे 'हं, हं, बरं' एवढंच बोलतात. आणि मला विचारलं तर मी सगळं छानच सांगते. ते तिला माहीत आहे. म्हणून तिनं ठरवून टाकलंय, तुरेरावांची खबर फक्त आजोबांच्या पत्रातून घ्यायची. आजोबा कागदावर खोटं लिहीत नाहीत म्हणे.

काका: शिकायला गेली तेव्हा पेटी इथं ठेवून गेली. पत्रात लिहिलंय, 'आजोबा, खरं सांगा. तुम्हाला जमतंय का? ओझं होत असेल तर संकोच करू नका. माझी एक मैत्रीण तयार आहे, तिच्याकडे मोठी पेटी आहे, तिनं असे प्राणी पाळले आहेत. सात आठवड्यांत तुमचं पत्र आलं नाही तर जमत नाही असं समजेन, आणि ती येऊन घेऊन जाईल. तुम्हाला काही बोलावंसुद्धा लागणार नाही.' इतकी समजूतदार आहे, सिस्टर. माझा स्वभाव ओळखून तिनं मला न बोलण्याची सोयसुद्धा करून ठेवली.

सिस्टर: मग? न्यावा का त्या मैत्रिणीनं?

काका: तिला अनुभव आहे. तिनं दोरे पहिल्या दिवशी ओळखले असते.

सिस्टर: मी ते नाही विचारलं.

काकू: नऊ मिनिटं झाली!

सिस्टर: काढायची तयारी करा. आणि काका, पुढचे तीन आठवडे रोज पाणी पूर्ण बदलायचं, पहिला आठवडा दोन वेळा मीठ. मोठी पेटी रिकामी करून उन्हात वाळवायची, त्यातली झाडं टाकून द्यायची. मी रोज चार वाजता येईन. आणि बेल मी दाबेन.

(तीन आठवड्यांनंतर. तीच खोली, दुपार. मोठ्या पेटीत पुन्हा पाणी भरलं आहे.)

काकू: खाल्लं! सिस्टर, खाल्लं! गांडूळ अख्खं, शेवयांसारखं ओढून घेतलं. आता दुसरं मागतोय, काचेला नाक लावून.

सिस्टर: काकू, तुम्ही गांडूळ भरवलंत? हातानं?

काकू: चिमट्यानं. तुमच्याच. यांना बोलवत बसले असते तर जेवणाची वेळ टळली असती. आणि हे बघा, मी याच्याशी बोलते म्हणून यांना सांगू नका.

काका: मी इथंच आहे.

काकू: तुम्ही वाचताय ना? मग वाचा.

सिस्टर: शेपटीकडून बघितलंत आज?

काका: दोनदा. काल बाईंनाही फोटो पाठवले, डॉक्टरांच्या फोनवरून. त्यांनी कळवलं, वीस दिवसांत नवं काही दिसलं नाही, तेव्हा धोका टळला म्हणायला हरकत नाही. फक्त डावीकडचा मधला तुरा तोकडा राहिलाय. तो भरून येईल का, विचारलं. त्या म्हणाल्या, बहुतेक येईल, पण सांगता येत नाही. मला त्या फार आवडल्या, सिस्टर. 'सांगता येत नाही' असं इतक्या सहज म्हणणारी माणसं कमी.

सिस्टर: आणि पत्र?

काका: लिहिलं. हे. तुम्ही एकदा वाचता का? चुका असतील.

सिस्टर: तुमच्या पत्रात मी चुका काढू? आणा. '...तळ्यातले मासे मी आणले. ही पहिली चूक. दोऱ्यांना मी नवे तुरे समजलो आणि अकरा दिवस घालवले. ही दुसरी, आणि मोठी.' हं. '...वरच्या मजल्यावरच्या सिस्टरनी आपल्या हाताला कसं समजावून सांगितलं आणि आठ जीवजंतू कसे काढले ते मी पाहिलं. इतकं सुंदर काम मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलं आहे.' अहो काका, हे कशाला!

काका: खरं आहे ते. हाताचं कारण मात्र लिहिलेलं नाही.

सिस्टर: बघितलं मी. बरं. '...तुझ्या आजीनं बर्फाचा कप्पा दिला आणि घड्याळ सांभाळलं. तिनं तुरेरावाला पाल म्हणणं सोडलं आहे.'

काकू: हे काढा.

काका: राहू दे.

सिस्टर: '...तुझ्या मैत्रिणीला अनुभव आहे. माझ्या चुका तुझ्यासमोर आहेत. तुला योग्य वाटेल ते ठरव. तुझा आजोबा.' संपलं?

काका: हो.

सिस्टर: छान आहे. अक्षर तर छापल्यासारखं. पण एक गोष्ट राहिली.

काका: कोणती? तारीख?

सिस्टर: तिनं जे विचारलं त्याचं उत्तर.

काका: सगळं तर लिहिलंय. कबुली दिली, उपचार दिले—

सिस्टर: तिनं कुठं कबुली मागितली होती? तुमचे दोष लिहिलेत, माझे गुण लिहिलेत, काकूंचा बर्फ लिहिलात. तुम्हाला काय हवंय, ते कुठंय यात?

काका: ते लिहायचं असतं का? प्राणी तिचा आहे.

काकू: मी बोलू? पंचेचाळीस वर्षं या माणसाला काय हवं ते मी ओळखून ओळखून वागते आहे. चहात साखर कमी झाली तरी बोलत नाहीत, कप अर्धा ठेवतात. मला सवय झाली. पण ती पोर तिकडं हजार मैलांवर बसून अर्धा कप कुठून बघणार? तिला वाटेल, म्हाताऱ्यानं चुका लिहिल्या, म्हणजे सुटका मागतोय.

काका: तसं वाटेल?

सिस्टर: मला तरी तसंच वाटलं वाचून.

काका: पण मी 'हवा' म्हटलं, आणि पुन्हा काही चुकलं तर?

सिस्टर: चुकेल की. मग बेल दाबा.

काका: ती मैत्रीण खरंच जास्त चांगलं...

काकू: अहो, परवा पाणी बदलताना तो टबात होता आणि तुम्ही रिकाम्या पेटीसमोर खुर्ची टाकून बसला होतात. पुस्तक उघडं, पान उलटत नव्हतं. मी दारातून बघितलं. मैत्रीण घेऊन गेली तर रोज तेच बघायचंय का मी?

सिस्टर: एक ओळ, काका. मनगट टेकवा टेबलावर.

काका: थट्टा करता.

सिस्टर: अजिबात नाही. निम्मा श्वास सोडा आणि लिहून टाका. दोन क्षण पुरतात.

काकू: बघू नका तुम्ही, सिस्टर. आपण तिकडं तोंड करू. कुणी बघितलं की यांना सही करतानासुद्धा घाम फुटतो.

सिस्टर: ही मागची भिंत रंगवायला झालीय हो, काकू.

काकू: कधीची. सांगून सांगून दमले.

काका: झालं.

काकू: वाचून दाखवा.

काका: नाही. पाकीट चिकटवलं.

काकू: एवढ्यात? मग तिकीट लावा आणि चपला घाला. टपाल पाचला निघतं. उद्या-परवा केलंत तर तिची ती मैत्रीण दारात उभी राहील. सिस्टर, तुम्हीही चला. हे एकटे गेले तर टपालपेटीपर्यंत जाऊन परत येतील.

सिस्टर: चला. काका, पायरी सांभाळा. पाकीट माझ्याकडे देताय?

काका: नको. मी धरतो.

काकू: बघा, कसं धरलंय! खालून तळहात देऊन.

सिस्टर: आली पेटी. घाई नको. हं... टाकलंत?

काका: टाकलं. पडल्याचा आवाज आला ना?

सिस्टर: आला.

काकू: मला एक सांगा. ती ओळ लिहिल्यावर, पाकीट बंद करायच्या आधी, परत एकदा वाचून पाहिलंत ना सगळं?

काका: नाही.

काकू: तुम्ही? न वाचता धाडलंत?

काका: वाचलं असतं तर ती ओळ खोडली असती.